ज्यू गूढपरंपरेतला प्रकाश आणि ठिणग्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कब्बाला, म्हणजे ज्यू धर्मातली गूढविद्येची परंपरा, हा विषय निघाला की 'ठिणग्या' हा शब्द लवकरच कानावर येतो. ती कल्पना कुठून आली, कोणी मांडली आणि रोजच्या जगण्यात लोक तिचं काय करतात, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

'ठिणगी' म्हणजे नेमकं काय?

जगातल्या प्रत्येक वस्तूत, प्राण्यात, माणसात ईश्वरी प्रकाशाचा एक कण अडकून पडला आहे, अशी ही कल्पना आहे. हिब्रूत त्याला नित्सोत्स म्हणतात, अनेकवचन नित्सोत्सोत. यातलं 'अडकून पडला आहे' हे सगळ्यात महत्त्वाचं. ईश्वराचा प्रकाश चराचरात भरलेला आहे असं सांगणाऱ्या परंपरा पुष्कळ आहेत. इथे त्यापुढचं म्हणणं असं, की तो प्रकाश आपल्या जागेवरून निसटून खाली पडला आहे आणि त्याला परत वर पोचवायचं काम माणसाकडे आलं आहे. आशा हवी असेल तर ती या कामातच शोधायची, असं ही परंपरा सांगते. माझ्या मते तिचं खरं वेगळेपण याच ठिकाणी आहे.

प्रकाशाची गोष्ट सुरू कुठून होते?

बायबलच्या पहिल्या पानापासून. उत्पत्तीच्या पुस्तकात देव म्हणतो, "प्रकाश होवो", आणि पहिल्याच दिवशी प्रकाश होतो. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी निर्माण होतात. मग पहिले तीन दिवस होता तो कसला प्रकाश? तल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातल्या पंडितांनी हा प्रश्न सोडला नाही. त्यांचं उत्तर असं: तो प्रकाश वेगळाच होता, त्यात आदामाला जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत असे. पण पुढे जलप्रलयाच्या पिढीतले आणि बाबेलचा बुरूज बांधणारे लोक काय करणार आहेत, हे देवाने पाहिलं आणि तो प्रकाश काढून लपवून ठेवला, पुढे येणाऱ्या काळातल्या सज्जनांसाठी.

म्हणजे कब्बाला आकाराला येण्याच्या कितीतरी शतकं आधीच ज्यू मनात हे बसलं होतं, की सर्वांत चांगला प्रकाश नष्ट झालेला नाही, राखून ठेवलेला आहे. स्तोत्रसंहितेतल्या ९७ व्या स्तोत्रात तर प्रकाश नीतिमानांसाठी पेरला आहे असं म्हटलं आहे. गूढवाद्यांनी ही ओळ फार जपली, कारण पेरलेलं आज दिसत नसलं तरी ते मातीत असतं.

जोहर हा ग्रंथ प्रकाशाबद्दल काय सांगतो?

जोहर तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. तो अरामी भाषेत आहे. परंपरा त्याचं कर्तेपण दुसऱ्या शतकातले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, शिमोन बार योखाय यांना देते. आधुनिक अभ्यासक त्याचा मुख्य लेखक म्हणून मोशे दे लिओन यांचं नाव घेतात. १५५८ ते १५६० या काळात इटलीतल्या मांतुआत तो पहिल्यांदा छापला गेला आणि मग दूरवर पसरला.

त्यातला एक उतारा वाचताना समोर पेटलेली मेणबत्ती किंवा समई ठेवावी. जोहर म्हणतो, ईश्वराचं एकत्व समजून घ्यायचं असेल तर ज्योतीकडे नीट पाहा. ज्योतीत दोन प्रकाश दिसतात. वातीला चिकटलेला खालचा भाग काळसर निळा असतो आणि त्याच्यावर पांढरा प्रकाश विराजमान असतो. निळा सारखा रंग बदलतो, खालच्या वातीला आणि तेलाला खात राहतो. पांढरा बदलत नाही आणि काही खातही नाही. पण निळा नसेल तर पांढऱ्याला टेकायला जागाच नाही. खालचा, भुकेला, काळवंडलेला प्रकाश हे वरच्या शुभ्र प्रकाशाचं आसन आहे. हा उतारा माहीत झाल्यावर ज्योतीच्या बुडाशी असलेला तो निळा पट्टा आपोआप नजरेत भरू लागतो.

याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी म्हटलं आहे, की अंधारातून निघतो तोच खरा प्रकाश. पुढे ठिणग्यांची सगळी कल्पना या एका वाक्यातून वाढली असं म्हटलं तरी चालेल.

ही कल्पना पूर्ण रूपात कोणी मांडली?

रब्बी इत्झाक लुरिया यांनी. ज्यू जगात त्यांना 'आरी' म्हणतात. जन्म १५३४ मध्ये जेरुसलेमला, वाढ इजिप्तमध्ये मामाच्या घरी. कैरोत ते धर्मशास्त्र शिकले, शिवाय व्यापारही करत. कैरोच्या प्रसिद्ध गेनिझात, म्हणजे जुनी कागदपत्रं साठवण्याच्या जागेत, त्यांच्या हातची मिरीच्या व्यवहाराची कागदपत्रं सापडली आहेत. त्या काळी ही मिरी आपल्या मलबार किनाऱ्याकडून समुद्रमार्गे तिकडे जाई. मला ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वस्तूत, व्यवहारात, बाजारात ठिणग्या असतात असं सांगणारा माणूस स्वतः बाजारातला होता.

१५७० च्या सुमारास ते गालीलमधल्या त्सफात या डोंगरावरच्या गावी आले. त्या वेळी हे गाव गूढवाद्यांनी गजबजलेलं होतं. 'शुल्हान आरुख' ही धर्मसंहिता लिहिणारे योसेफ कारो तिथे होते. शब्बाथचं, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, स्वागत करणारं 'लेखा दोदी' हे गीत रचणारे श्लोमो अल्काबेत्स तिथलेच. मोशे कोर्दोव्हेरो यांच्यासारखा मोठा आचार्य त्याच वर्षी, १५७० मध्ये, तिथे वारला. शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी शब्बाथला सामोरं जायला गावाबाहेरच्या शेतांत जात.

आरी तिथे जेमतेम दोन वर्षं होते. १५७२ च्या साथीत, वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले. त्यांनी स्वतः फार थोडं लिहिलं, शब्बाथच्या जेवणासाठी अरामी भाषेतली तीन गीतं आणि जोहरवरचं थोडं भाष्य. बाकीचं सगळं शिष्यांनी, मुख्यतः हायिम विताल यांनी, लिहून ठेवलं. विताल आपली हस्तलिखितं कोणाला दाखवत नसत. एकदा ते आजारी असताना त्यांच्या भावाला पैसे चारून लोकांनी ती मिळवली आणि लेखकांचा ताफा बसवून घाईघाईने उतरवून घेतली, अशी कथा आहे.

भांडी फुटली म्हणजे काय झालं?

हा या विषयाचा गाभा, म्हणून थोडं सविस्तर.

आरंभी फक्त एन सोफ होता, म्हणजे अंत नसलेला ईश्वर. सगळीकडे तोच, त्यामुळे दुसऱ्या कशालाही जागा नाही. म्हणून त्याने स्वतःला आक्रसून घेतलं. या आक्रसण्याला त्सिमत्सुम म्हणतात. त्यातून एक पोकळी तयार झाली. जगाला जागा मिळावी म्हणून ईश्वर मागे सरला, ही निर्मितीची पहिली पायरी. मागे सरतानाही पोकळीत त्याच्या प्रकाशाचा पुसटसा अंश मागे राहिला.

मग त्या पोकळीत प्रकाशाची एक रेघ आत शिरली. प्रकाश साठवायला दहा भांडी होती. ही भांडीही प्रकाशाचीच, फक्त जास्त दाट प्रकाशाची. दहा सेफिरोत, म्हणजे ईश्वराच्या प्रकट होण्याच्या दहा रीती, त्यांच्याशी ही भांडी जोडलेली आहेत. वरच्या तीन भांड्यांनी आलेला प्रकाश धरून ठेवला. खालच्या भांड्यांना तो झेपला नाही. ती फुटली. हिब्रूत याला शेविरात हाकेलिम म्हणतात, भांड्यांचं फुटणं. बराचसा प्रकाश आपल्या उगमाकडे परत गेला, पण काही ठिणग्या फुटलेल्या तुकड्यांबरोबर खाली पडल्या. तेलाची बरणी फुटल्यावर तेल वाहून गेलं तरी खापरांच्या आतल्या अंगाला थोडं चिकटून राहतंच, तसं. आपलं जग या पडलेल्या तुकड्यांचं आणि त्यांना चिकटलेल्या प्रकाशाचं बनलं आहे.

नीट पाहिलं तर लक्षात येतं, की ही मोडतोड माणसाच्या पापामुळे झालेली नाही. माणूस जन्माला येण्याच्या आधीच ती झाली होती. जगात काहीतरी मुळापासून बिनसलं आहे ही जी भावना प्रत्येकाला कधी ना कधी होते, तिला आरींनी विश्वाच्या इतिहासात जागा दिली. दोष माणसावर ढकलला नाही, दुरुस्ती मात्र त्याच्याकडे सोपवली.

ठिणग्यांची संख्या २८८ का सांगतात?

हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाचं मूल्य असतं. उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात देवाचा आत्मा जलांवर तरंगत होता असं म्हटलं आहे, तिथल्या क्रियापदाच्या अक्षरांतून २८८ हा अंक काढतात. उरलेल्या दोन अक्षरांचा अर्थ 'मेला' असा होतो. आधीच्या जगाच्या मरणात २८८ ठिणग्या पडल्या, असं वाचन. या मूळ ठिणग्यांचे पुढे असंख्य कण झाले, तेव्हा या आकड्याला मोजदाद समजू नये.

वाईट गोष्टींतही ठिणगी असते का?

असते, आणि या परंपरेतली ही सर्वांत अवघड जागा आहे. फुटलेल्या तुकड्यांपासून क्लिपोत झाल्या, म्हणजे टरफलं. वाईटाला स्वतःचा जीव नाही, ते आत कोंडलेल्या ठिणगीवर जगतं. ठिणगी काढून घेतली की टरफल आपोआप गळून पडतं.

पण याचा अर्थ प्रत्येक वाईट गोष्टीत हात घालून प्रकाश शोधावा असा होत नाही. पुढच्या काळात हसिदी या ज्यू भक्तिचळवळीचे आचार्य शनूर झाल्मन यांनी स्पष्ट भेद केला. एक टरफल असं असतं, की त्यातून आतला उजेड झिरपतो. अन्न, पैसा, काम, शरीर या साध्या, चांगल्या-वाईट दोन्हीकडे झुकू शकणाऱ्या गोष्टी त्यात येतात. त्या चांगल्या हेतूने वापरल्या की ठिणगी वर जाते. दुसरी तीन टरफलं पूर्ण काळी. धर्माने निषिद्ध ठरवलेल्या गोष्टी तिथे येतात, आणि त्यांतली ठिणगी वापरून वर नेता येत नाही, तिथे दूर राहणं हेच काम.

मग यात आशा कुठे आहे?

तिक्कुनमध्ये, म्हणजे दुरुस्तीत. आरींच्या मांडणीनुसार दुरुस्तीचा मोठा भाग वरच्या जगांत आधीच झाला आहे. शेवटचा भाग माणसाकडे ठेवला आहे. आदामाच्या आत्म्यात सगळ्या माणसांचे आत्मे सामावलेले होते. तो चुकला तेव्हा तेही ठिणग्यांसारखे विखुरले. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला काही विशिष्ट ठिणग्या येतात, ज्या दुसरं कोणीच उचलू शकत नाही. एका जन्मात काम पुरं झालं नाही तर आत्मा परत येतो. पुनर्जन्माला इथे गिलगुल म्हणतात. आपल्याकडच्या वाचकांना ही कल्पना ज्यू धर्मात आहे याचं हमखास आश्चर्य वाटतं.

दुःखी माणसाला या शिकवणीतून काय मिळतं, याचा मी बराच विचार केला आहे. तिच्यात सांत्वन कमी आहे. 'सगळं ठीक होईल' असं ती म्हणत नाही. ती म्हणते, जग मोडलेलं आहे हे तुला दिसतं ते बरोबरच दिसतं, आणि तू जिथे उभा आहेस तिथे तुझ्यासाठीच ठेवलेलं काहीतरी आहे.

स्पेनमधून झालेल्या हकालपट्टीशी याचा संबंध आहे का?

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं. निर्वासित उत्तर आफ्रिकेत, ऑटोमन साम्राज्यात पांगले, काही पुढे त्सफातला पोचले. विसाव्या शतकातले थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांनी मांडलं, की आरींची कब्बाला हे त्या आघाताला दिलेलं उत्तर आहे: ईश्वराचा प्रकाशच परागंदा झाला असेल, तर आपल्या परागंदा होण्यालाही अर्थ आहे. मांडणी मनाला भिडते. पण मोशे इदेल यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतला. आरी वडिलांकडून अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या वंशातले होते, आणि त्यांच्या शिकवणीत हकालपट्टीचा उल्लेख जवळजवळ येतच नाही. मला आक्षेप पटतो. तरी ही शिकवण ज्यांनी उराशी धरली त्या लोकांत घरदार गमावलेले पुष्कळ होते, हेही खरंच.

'ठिणगी उचलायची' म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

त्सफातच्या मंडळींसाठी ते कष्टाचं काम होतं. प्रार्थनेच्या प्रत्येक शब्दामागे ध्यान, मध्यरात्री उठून विलाप, उपास. सामान्य माणसाच्या आवाक्यात ही शिकवण आणली ती अठराव्या शतकातल्या हसिदी चळवळीने, आजच्या युक्रेनच्या भागात. तिचे प्रवर्तक बाल शेम तोव्ह (मृत्यू १७६०) यांनी सांगितलं, की शरीराच्या रोजच्या क्रिया ही देखील उपासना आहे.

जेवणाचं उदाहरण घ्या. १०७ व्या स्तोत्रात भुकेल्या, तहानलेल्या लोकांचा जीव व्याकूळ झाला असं एक वचन आहे. बाल शेम तोव्ह विचारतात, माणसाला भूक लागते तरी का? त्यांचं उत्तर: भाकरीत एक ठिणगी आहे आणि तिला तुमच्या आत्म्याची ओढ आहे. पोटाला भूक लागल्यासारखी वाटते, पण हाक ती ठिणगी मारत असते. म्हणून ज्यू घरात भाकरी खाण्याआधी हात धुतात, दोन्ही हातांनी पाव धरतात, 'जमिनीतून भाकरी उपजवणाऱ्या' देवाला धन्यवाद देतात, तुकडा मिठाला लावतात आणि मगच खातात. हात धुण्यापासून पहिला घास घेईपर्यंत मधे बोलत नाहीत. तो घास खाऊन जी ताकद आली, ती एखाद्या चांगल्या कामात गेली की ठिणगी घरी पोचली.

हीच दृष्टी प्रवासाला, धंद्याला, हातातल्या अवजारांना लावली गेली. तुम्हाला वाटतं तुम्ही माल विकायला अमुक गावी चाललात, पण तिथे तुमच्या वाट्याची एखादी ठिणगी थांबलेली आहे, म्हणून पाय तिकडे वळले. पूर्व युरोपातल्या खेड्यांत गरिबीत राहणाऱ्या, गाडीवर माल लादून चिखलातून फिरणाऱ्या माणसाला हे सांगितलं गेलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

माणसातली ठिणगी ओळखायची कशी?

बाल शेम तोव्ह यांचे पणतू रब्बी नाखमान (१७७२–१८१०) यांची शिकवण इथे सगळ्यात कामाची. पूर्ण दुष्ट वाटणाऱ्या माणसातही एक चांगला बिंदू शोधा, अगदी थोडासा का असेना. तो सापडला की त्या माणसाचा न्याय तुम्ही चांगल्याच्या बाजूने करता, आणि त्यामुळे तो खरोखरच थोडा तिकडे सरकतो. मग हेच स्वतःला लावा. मन खचलं की माणसाला आपण केलेलं एकही काम धड वाटत नाही. केलेल्या चांगल्या कामातही स्वार्थ दिसतो. नाखमान म्हणतात, असू दे. त्या स्वार्थातही एखादा चांगला बिंदू असणारच. तो शोधा, मग दुसरा शोधा. सूर असेच जोडत जायचे, त्यातूनच गाणं होतं. नाखमान स्वतः खोल निराशेच्या काळांतून गेले होते, क्षयाने ३८ व्या वर्षी वारले. त्यामुळे हा उपदेश वरवरचा वाटत नाही.

खऱ्याखुऱ्या ठिणगीची एखादी कथा आहे का?

आहे, आणि माझी ती सर्वांत आवडती. तल्मुदमध्ये आणि मिद्राशमध्ये, म्हणजे बायबलवरच्या जुन्या भाष्यकथांमध्ये, ती येते. आदाम शुक्रवारी निर्माण झाला. तो पहिला अद्भुत प्रकाश शुक्रवार, शुक्रवारची रात्र आणि शब्बाथचा दिवस असा ३६ तास तेवत राहिला. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आदामाने अंधार पडताना पाहिला. तो घाबरला. तेव्हा देवाने त्याला समज दिली. त्याने दोन दगड घेतले, एकमेकांवर घासले आणि ठिणगी पडून विस्तव झाला. एका पाठात त्या दगडांची नावंही आहेत, एकाचं अंधार आणि दुसऱ्याचं मृत्यूची छाया. भीती वाटत होती त्याच दोन गोष्टी एकमेकांवर घासून माणसाने पहिला विस्तव केला.

म्हणून आजही शनिवारी रात्री आकाशात तारे दिसू लागल्यावर हव्दाला करतात. द्राक्षरस, सुगंधी मसाले आणि अनेक वातींची पीळ घातलेली मेणबत्ती. विस्तवाच्या प्रकाशांची निर्मिती करणाऱ्या देवाला धन्यवाद देतात आणि बोटं ज्योतीपुढे धरून नखांवर पडलेला उजेड पाहतात. उजेडाबद्दल आभार मानायचे तर त्याचा काही उपयोगही करायला हवा, म्हणून हे पाहणं. शेवटी ज्योत त्या रसातच विझवतात आणि आठवड्याच्या कामाला लागतात.

हानुक्काच्या दिव्यांशी याचं काय नातं?

हानुक्का हा आठ रात्रींचा सण. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन असे दिवे वाढवत नेतात. तल्मुदमध्ये यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन प्राचीन आचार्यांच्या शिष्यांचा वाद आहे. शम्मायच्या शिष्यांचं म्हणणं, आठापासून सुरुवात करून कमी करत यावं. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, पवित्र गोष्टीत वाढ करायची, घट नाही. रूढी हिल्लेलप्रमाणे चालते. एक ते आठची बेरीज ३६. आदामाला लाभलेल्या ३६ तासांच्या प्रकाशाशी मध्ययुगापासून ही बेरीज जोडली गेली: लपवलेला प्रकाश या आठ रात्री थोडा डोकावतो. या दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. फक्त बघायचं.

या कल्पनेचा कधी दुरुपयोग झाला का?

हो, भयंकर. १६६५ मध्ये शब्बताई त्सवी याला गाझाच्या नाथानने मसीहा, म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेला तारणहार, म्हणून जाहीर केलं. ऑटोमन साम्राज्यापासून युरोपपर्यंत ज्यू समाज आशेने पेटून उठला, लोकांनी घरं विकली. पुढच्याच वर्षी, १६६६ मध्ये, सुलतानापुढे शब्बताईने इस्लाम स्वीकारला. नाथानने त्याचं समर्थन ठिणग्यांच्या भाषेत केलं: सर्वांत खोल पडलेल्या ठिणग्या आणायला मसीहाला टरफलांत उतरावंच लागतं. यातून काही गट जाणूनबुजून पाप करणं हेच पवित्र काम मानू लागले. पोलंडमध्ये असाच एक पंथ उफाळल्यावर १७५६ मध्ये ब्रोदी इथल्या रब्बींनी बंदी घातली: तिशीच्या आत जोहर नाही आणि चाळिशीच्या आत आरींची कब्बाला नाही. 'कब्बाला चाळिशीनंतरच' ही समजूत बऱ्याच अंशी तिथून पसरली. शनूर झाल्मन यांनी काळ्या टरफलांपाशी इतकी ठाम रेघ का ओढली, तेही या इतिहासातून कळतं.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंचा एवढा मोठा नरसंहार केल्यावर ही भाषा टिकते का?

याचं उत्तर बाहेरून देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आतून दिलेलं एक उत्तर आहे. रब्बी कलोनिमस कल्मन शपिरा वॉर्साच्या घेट्टोत होते. १९३९ पासून १९४२ पर्यंत ते शब्बाथला आणि सणांना प्रवचनं करत राहिले आणि ती लिहून ठेवत राहिले. १९४१ च्या हानुक्काला त्यांनी श्रोत्यांना सांगितलं होतं, की आपल्या लोकांनी अशी दुःखं पूर्वीही सोसली आहेत, श्रद्धा ढळू देऊ नका. एका वर्षाने, घेट्टोतली बहुतेक माणसं मारली गेल्यावर, त्यांनी त्याच प्रवचनाला टीप जोडली: हे आता लागू नाही, आत्ता जे घडलं तसं पूर्वी कधीच घडलेलं नाही. मग कागद पुरून ठेवले. युद्धानंतर ते सापडले आणि १९६० मध्ये छापले गेले. शपिरा १९४३ मध्ये छावणीत मारले गेले.

ज्या माणसाला ही सगळी परंपरा मुखोद्गत होती, त्याने आपलंच वाक्य मागे घेतलं, आणि तरीही कागद कोणाच्या तरी हाती पडावेत म्हणून पुरून ठेवले. या दोन्ही कृती एकत्र ठेवूनच मी या शिकवणीकडे बघतो.

'तिक्कुन ओलाम' म्हणजे समाजसेवाच ना?

आज, विशेषतः अमेरिकेत, त्या अर्थाने वापरतात. मिश्नात, म्हणजे तल्मुदच्या पायाशी असलेल्या कायद्यांच्या संग्रहात, मात्र तो शब्द कायद्याचा आहे: समाजाची घडी नीट राहावी म्हणून केलेली तरतूद. आरींच्या तिक्कुनमध्ये विश्वाची आणि ईश्वराच्या प्रकटीकरणाची दुरुस्ती येते, साधन मुख्यतः प्रार्थना आणि धर्माचरण. आजचा वापर चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. उपाशी माणसाला जेवू घालणं यात दोन्ही अर्थ येतात.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, पण तो जपून सांगायला हवा. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले. ते तेलाच्या घाण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. इतरांच्या घरचे दिवे ज्यांच्या तेलावर जळत, ती ही माणसं. पण आरींची कब्बाला हा त्यांच्या धार्मिक जीवनाचा गाभा नव्हता. त्यांच्याकडे आशेचं रूप म्हणजे एलियाहू हन्नाबी, एलिया संदेष्टा. नवस फेडताना किंवा शुभकार्याआधी पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा ठेवून त्याची आठवण करतात. जगभरच्या ज्यू घरांत हव्दालाच्या वेळी याच एलियाचं गाणं म्हणतात, तेव्हा धागा कुठेतरी जुळतोच.

दुसरा संबंध मुंबईतल्या कुलाब्याचा. तिथल्या नरिमन हाउसमधलं खबाद केंद्र शनूर झाल्मन यांच्याच परंपरेतलं. २००८ च्या २६ नोव्हेंबरला सुरू झालेल्या हल्ल्यात तिथले रब्बी गाव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चौघं मारली गेली. २०१४ मध्ये केंद्र त्याच इमारतीत पुन्हा सुरू झालं. थोडासा प्रकाश पुष्कळ अंधार हटवतो, हे शनूर झाल्मन यांचं वचन या परंपरेतली माणसं सतत म्हणत असतात. कुलाब्यात ती त्याच जिन्याने परत वर गेली.

मग हे आपल्या दिवाळीसारखंच म्हणायचं का?

दिवा लावताना होणारा आनंद सारखा असेल. त्यामागचा विचार सारखा नाही. मोडलेली निर्मिती, मागे सरलेला ईश्वर, परागंदा झालेला प्रकाश या कल्पना जिथल्या आहेत तिथल्याच राहू द्याव्यात. साम्य शोधायची घाई केली की त्यांच्यातलं दुखणं नाहीसं होतं, आणि ते गेलं तर आशेलाही अर्थ राहत नाही.

ज्यू नसलेल्या माणसाने यात पडावं का? सुरुवात कुठून करावी?

वाचायला, समजून घ्यायला हरकत कोणाची नाही. लाल दोरे, मंतरलेलं पाणी आणि नशीब उघडून देण्याची हमी असं 'कब्बाला' नावाखाली जे विकलं जातं, त्यापासून दूर राहा. आकृत्या आणि आकडेमोड यांतही आधी अडकू नका. मराठी बायबल सहज मिळतं. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि ९७ वं स्तोत्र वाचा, मग त्सफातचा इतिहास, त्यानंतर हसिदी आचार्यांच्या शिकवणी. आरींची मांडणी शेवटी घ्या. ओळखीचं एखादं ज्यू कुटुंब असेल तर शनिवारी संध्याकाळी हव्दालाला येऊ का, असं त्यांना मोकळेपणाने विचारा. पाव तास लागतो, आणि पाहुण्याला बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.